लिओनाची तीन मिनिटं

लिओना बेलिंजर ही माझी भावजय. सत्तावीस वर्षं ती आमच्या काउंटी मंडळाची कारकून आहे, आणि या सत्तावीस वर्षांत तिनं सभेला आलेल्या एकाही माणसाला तीन मिनिटांच्या वर बोलू दिलेलं नाही. पाद्र्याला नाही, शेरीफला नाही, स्वतःच्या सासऱ्यालाही नाही. सासरा म्हणजे माझा बाप. रस्त्याखालची मोरी तुंबली म्हणून तो एकदा मंडळापुढे तावातावानं बोलायला गेला आणि ऐन रंगात आला असताना घंटी वाजली. घरी येऊन आईला म्हणाला, "तुला चाळीस वर्षांत जमलं नाही ते सुनेनं तीन मिनिटांत केलं बघ!"

घंटी म्हणजे अंडी उकडायचं घड्याळ. कोंबडीच्या आकाराचं, चोचीचा रंग उडालेलं. मान पिरगाळली की टिकटिक सुरू होते आणि वेळ संपली की किणकिणाट. काउंटीनं घड्याळ घेऊन दिलं नाही म्हणून तिनं आपल्या स्वयंपाकघरातलं उचलून आणलं होतं. कोंबडी वाजली की माणूस शब्द अर्धा सोडून खाली बसायचा. पुढे कुणी वादही घालेनासं झालं, कारण सगळ्यांना माहीत होतं की ही बाई कुणाचीच भीड ठेवत नाही.

मी त्या मंडळावर अकरा वर्षं आहे. त्याआधी शाळेची बस चालवायचे. बस बरी होती, तिथं निदान मागं काय चाललंय ते आरशात दिसायचं. आम्ही नऊ सभासद. हात वर करतो, 'होय' म्हणतो आणि घरी जातो. काम सगळं लिओना करते. विषयपत्रिका ती टाइप करणार, मतदानाला नावं ती पुकारणार, ठरावावर शिक्का ती उमटवणार आणि इतिवृत्तही तीच लिहिणार.

या इतिवृत्ताचा एक नियम आहे आणि तो तिचाच. पूर्वी सभेत कोण काय बोललं ते सगळं ती उतरवून घ्यायची. मग एकदा डिंगमन नावाच्या गवळ्यानं भर सभेत तेव्हाच्या अध्यक्षाचं लफडं बाहेर काढलं, बाईच्या नावागावासकट. अध्यक्ष रडकुंडीला आला. लिओनानं तोड काढली. यापुढे लोकांचं बोलणं लिहायचंच नाही, फक्त नाव लिहायचं आणि पुढे 'बोलले' किंवा 'बोलल्या'. मंडळानं काय केलं तेवढं मात्र सगळं लिहायचं. वा, काय डोकं आहे, असं सगळे म्हणाले. "जे इतिवृत्तात नाही ते झालंच नाही," असं ती नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगायची. मलाही सांगितलं होतं.

आता मुद्द्याचं सांगते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी, माझ्या नवऱ्यानं माझ्या भावाला गोळी घातली. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. 'वेंडेलला अपघात झाला' म्हणतात, जसा काही तो शिडीवरून पडला!

वेंडेल माझा भाऊ, लिओनाचा नवरा. तो आणि माझा क्लेटन चाळीस वर्षं एकत्र शिकारीला जायचे. जागासुद्धा ठरलेल्या. क्लेटन ओढ्याकाठी आणि वेंडेल दगडी कुंपणाच्या टोकाला. त्या पहाटे वेंडेलची एक कालवड तारा तोडून पळाली, म्हणून तो आपली जागा सोडून गोठ्यातल्या तपकिरी कोटातच तिला शोधत कुंपणाच्या कडेनं निघाला. क्लेटनला झुडपात तपकिरी काहीतरी हललेलं दिसलं.

मी तेव्हा अग्निशमन दलाच्या शेडमध्ये शिकाऱ्यांच्या न्याहारीचे पॅनकेक उलटत होते. फोन वाजला. क्लेटन म्हणाला, "आर्लीन, वेंडेलला गोळी लागली गं. माझीच." पाठोपाठ छपरावरचा भोंगा सुरू झाला. आमच्याकडे रुग्णवाहिका गावकरीच चालवतात. समोर बसून खात होते तेच लोक पाकानं चिकट झालेल्या हातांनी उठून पळाले. वेंडेल वाचला. पण गोळी उजव्या खुब्याचा भुगा करून गेली. तो आता वॉकरच्या आधारानं चार पावलं टाकतो आणि दहा मिनिटांच्या वर बसू शकत नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोर्टात कुणी कुणाला ओढायचं? घराचं कर्ज फिटल्याबरोबर क्लेटननं घराचा विमा बंद करून टाकला होता, 'बँक मागत नाही तर कशाला' म्हणून. घराच्या विम्यात आपल्या हातून दुसऱ्याला झालेली इजाही धरतात, तो चालू असता तर त्यातून वेंडेलचं औषधपाणी निघालं असतं, हे आम्हाला मागाहून कळलं. आणि गाव काय म्हणालं? "वेंडेलनं शिकाऱ्यांना लांबून दिसेल असं नारिंगी जाकीट घालायला हवं होतं." अरे, स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या कालवडीमागे जाताना?

तरी गाव अगदीच वाईट नाही, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं होतं. आमच्याकडे कुणाचं घर जळालं, कुणाला कर्करोग झाला की अग्निशमन दलाच्या शेडमध्ये कोंबडी भाजून तिकीट लावून जेवण घालतात, सोबत सोडत काढतात आणि जमलेले पैसे त्या घरी देतात. वेंडेलसाठीही तेच केलं. सोडतीत बक्षीस काय? बंदूक. नेहमीच बंदूक असते, कारण दुसऱ्या कशाची तिकिटं खपत नाहीत. गोळी लागलेल्या माणसासाठी तरी यंदा दुसरं काही ठेवा, एखादा फ्रिज ठेवा, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी दारात बसून तिकिटं फाडत होते.

क्लेटन दिवसभर निखाऱ्यांपुढे उभा राहून कोंबड्या उलटत होता. कुणाशी बोलला नाही. मनाला टोचणी असणार, म्हणून त्यानं दहा तिकिटं घेतली आणि दहाही वेंडेलच्या नावावर. संध्याकाळी चिठ्ठी काढली तर नाव निघालं वेंडेल बेलिंजर. पहिलं बक्षीस, हरणांची रायफल. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बायका डोळे पुसत होत्या. 'देव बघतो गं सगळं,' असं माझ्या शेजारची म्हणाली. लिओना पुढे गेली, 'आभारी आहोत' म्हणाली आणि तो लांब खोका पोत्यासारखा काखेत मारून गाडीकडे चालत गेली. तो खोका अजून त्यांच्या जिन्याखाली आहे, चिकटपट्टीसुद्धा उघडलेली नाही.

पहिल्या महिन्यात तिच्या दारात जेवणाच्या भांड्यांची रांग होती. दुसऱ्या महिन्यात दोन भांडी. मग लोकांनी आपापली रिकामी भांडी परत मागायला सुरुवात केली. वसंतात गाई विकल्या. लिओना सकाळी वेंडेलला आंघोळ घालते, आठला कचेरीत जाते, दुपारच्या सुट्टीत घरी येऊन त्याला कुशीवर वळवते आणि परत कामाला जाते. मी सुरुवातीला गुरुवारी जायचे. मग बर्फ पडलं, मग माझा गुडघा दुखायला लागला, मग सवयच सुटली. क्लेटन मात्र बर्फ पडलं की ट्रकला पातं लावून तिच्या दारातला रस्ता साफ करून येतो. काच खाली करत नाही, खाली उतरत नाही. साफ करतो आणि निघून येतो.

या फेब्रुवारीत राज्याच्या राजधानीत एक विधेयक आलं. ज्याच्या घरी बंदूक आहे त्यानं विमा काढलाच पाहिजे, म्हणजे त्याच्या बंदुकीनं कुणी जखमी झालं तर खर्च त्यातून निघेल. झालं! आमच्या डोंगराळ भागात आग लागली. चोर थोडाच विमा काढायला जाणार आहे? आज विमा मागतील, उद्या यादी मागतील, परवा बंदूकच मागतील. खोटं कशाला बोलू, मलाही तो कायदा नको होता. आमच्या घरी पाच बंदुका आहेत आणि शहरातल्या लोकांना इथलं काय कळतं, हे मीही कॉफी पिता पिता दहादा म्हटलंय.

सगळ्या काउंट्या विरोधाचे ठराव करत सुटल्या. शेजारच्या काउंटीनं केला, तोच आमच्या अध्यक्षानं मागवला. अध्यक्ष बर्ट व्हॅन ऑल्स्टाईन ट्रॅक्टर विकतो, बोलायला गोड आणि हसायला मोठा. नुसतं काउंटीचं नाव बदलायचं होतं. तीन ठिकाणी बदललं होतं आणि चौथ्या ठिकाणी शेजाऱ्यांचंच राहिलं होतं, ते लिओनानं पकडलं. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही बाई," बर्ट म्हणाला, आणि त्याच दमात त्यानं तिला आणखी एक कलम सांगितलं. म्हणाला, आपला ठराव नुसती नक्कल वाटायला नको, त्यात आपलं काहीतरी हवं.

लिओना तो कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. कोट काढला नाही, बसली नाही.

"वाच."

मी वाचलं. 'ज्याअर्थी, आपले शेजारी श्री. वेंडेल बेलिंजर यांना शिकारीत अपघात झाला असता, या समाजाने एका दुपारी अकरा हजार डॉलर उभे करून, कोणत्याही सरकारी सक्तीविना, त्यांचा संपूर्ण सांभाळ केला. त्याअर्थी, सक्तीच्या विम्याची या काउंटीस गरज नाही.'

"संपूर्ण सांभाळ," लिओना म्हणाली. "हे मी टाइप केलं, आर्लीन. या बोटांनी."

"बर्टला सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणतो, अगं हा तर वेंडेलचा मान आहे. वरून मिठी मारली मेल्यानं."

"वेंडेल काय म्हणतोय?"

"वाचून दाखवलं. म्हणाला, छान लिहिलंय. आणि मग जेवला नाही."

मी कॉफी ओतायला उठले, उगाच, हाताला काहीतरी काम म्हणून.

"ठराव करा," ती म्हणाली. "दहा करा. मला विम्याशी देणंघेणं नाही. फक्त त्याचं नाव काढा. कारकुनाला शब्द काढता येत नाही, सभासदानं मांडावं लागतं. दुजोरा द्यायला एकजण तयार आहे, पण पहिला हात कुणाला वर करायचा नाही. तू कर. एवढंच म्हण, 'बेलिंजर यांचं नाव वगळावं.' तुझा सख्खा भाऊ आहे तो."

"करते," मी म्हटलं. "वेडी आहेस का, न करायला काय झालं?"

सत्तावीस वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ती गेली आणि क्लेटन बाहेरच्या खोलीतून दारात येऊन उभा राहिला. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"आर्लीन, राहू दे ना," तो म्हणाला.

"काय राहू दे?"

"नाव काढा म्हटलं की लोक विचारणार, का काढा? मग पुन्हा सगळं निघणार. कुणी मारली, कशी मारली, विमा होता का. आत्ता कुठं लोक माझ्याशी दुकानात बोलायला लागलेत." "ठरावात माझं नाव नाहीये. बरं चाललंय."

"तुझं बरं चाललंय!" मी ओरडले. पण ओरडणं सोपं असतं हो. चाळीस वर्षं संसार केलेला नवरा समोर उभा राहून रडायला लागला की काय करायचं, ते कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर येत्या नोव्हेंबरात माझी निवडणूक होती, तेही डोक्यात होतंच.

सभा मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला. एरवी आमच्या सभेला चार म्हातारे येतात, तेही उबेला. त्या दिवशी भिंतीपर्यंत माणसं, नारिंगी टोप्यांचा नुसता बाजार. चौदा जण बोलले. सगळे एकच बोलले. लिओनानं चौदांचीही कोंबडी पिरगाळली, चौदांनाही खाली बसवलं. मग तिनं हातातली यादी बघितली आणि नेहमीच्याच आवाजात पुकारलं, "लिओना बेलिंजर."

लोकांना वाटलं, चुकून वाचलं. ती उठली, कोंबडी बर्टच्या पुढ्यात ठेवली. "तीन मिनिटं, बर्ट. मान पूर्ण पिरगाळ, नाहीतर लवकर वाजते." आणि टेबलाला वळसा घालून, जिथं लोक उभे राहतात तिथं, माइकपुढे जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला त्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. बुटकी दिसत होती.

"मी कायद्याच्या बाजूनं बोलायला आलेले नाही," ती म्हणाली. "तुम्हाला विमा नको, नका काढू. माझं म्हणणं एका ओळीबद्दल आहे. तुम्ही लिहिलंय की माझ्या नवऱ्याचा तुम्ही संपूर्ण सांभाळ केला. तुम्ही एक दुपार केलात. त्याबद्दल मी तेव्हाच आभार मानले. त्यानंतर आठशे दिवस झाले. त्याला टबात कोण उतरवतं? मी. त्याची पाठ चिघळली तेव्हा रात्रंदिवस कोण बसलं? मी. तिसरी शस्त्रक्रिया का झाली नाही, हे इथं बसलेल्या एकानं तरी विचारलं? तुम्ही आम्हाला रायफल दिलीत. माझा माणूस बंदुकीनं लुळा झाला आणि तुम्ही टाळ्या वाजवून त्याला बंदूक दिलीत, आणि मी 'आभारी' म्हणाले, कारण मला तसंच वाढवलंय. पण हे खोटं मी माझ्या शिक्क्याखाली जाऊ देणार नाही. त्याचं नाव काढा. आणि जर तुम्हाला ठेवायचंच असेल, तर मग पूर्ण लिहा. गोळी आपोआप सुटत नाही. ज्यानं ती—"

कोंबडी वाजली.

लिओना थांबली, शब्दाच्या मध्येच. मागच्या रांगेत क्लेटन टोपी मुठीत आवळून बसला होता.

"बोल, लिओना, बोल," बर्ट म्हणाला. घाम फुटला होता त्याला, पण हसू तेच. "तुला कोण अडवणार?"

"नाही," ती म्हणाली. "तीन म्हणजे तीन." आणि परत वळसा घालून आपल्या खुर्चीत येऊन बसली, कोंबडी स्वतःकडे ओढून घेतली, पेन उचललं.

"सभासदांपैकी कुणाला काही दुरुस्ती मांडायची आहे?" बर्टनं विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित... नाही, हेही मी स्वतःला समजवायला सांगतेय. ती कागदाकडे बघत होती, पेन टेकवून. दुरुस्तीसाठी एक ओळ तिनं रिकामी सोडली होती, मला दिसत होती ती. मी पाण्याचा पेला उचलला. प्यायले. खाली ठेवला. पुन्हा उचलला. अकरा वर्षं फटाफटा वर जाणारा हात माझा, पण तेव्हा टेबलाखाली मांडीला चिकटून बसला. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

"कुणी नाही? बरं, मतदान."

तिनं नावं पुकारली. होय, होय, होय. माझं नाव शेवटून दुसरं येतं.

"शुल्ट्स."

"होय," मी म्हटलं.

तिनं लिहून घेतलं. नऊ विरुद्ध शून्य. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, त्या सोडतीच्या दिवशीसारख्याच. बर्टनं जाहीर केलं की ठरावाची एक प्रत राज्यपालांना, एक विधिमंडळाला आणि एक चौकटीत लावून खास वेंडेलला. तिन्हींवर 'ही मूळ ठरावाची खरी प्रत आहे' असं लिहून सही करायचं काम लिओनाचं होतं. तिनं केलं.

मार्चच्या सभेत आदल्या महिन्याचं इतिवृत्त आमच्या पुढ्यात आलं. लोकांची पंधरा नावं होती. पंधरावं, 'लिओना बेलिंजर बोलल्या.' एवढंच. काय बोलल्या, ते नाही. तिच्याच नियमानं. त्याखाली 'दुरुस्ती: नाही.' आणि त्याखाली आमचे नऊ होकार, नावांसकट. 'इतिवृत्त मंजूर करावं असं कोण मांडतंय?' असं बर्टनं विचारलं, आणि माझा हात वर गेलेलाही मला कळला नाही. सवय! 'मांडणार: शुल्ट्स,' असं लिओनानं लिहिलं.

त्या आठवड्यात पुन्हा दीड फूट बर्फ पडलं. क्लेटन सकाळी ट्रक घेऊन गेला आणि पाच मिनिटांत परत आला. चावी टेबलावर ठेवून म्हणाला, "रस्त्याच्या तोंडाशी साखळी लावलीय तिनं. हातानं उपसतेय."

मी तशीच निघाले. साखळी ओलांडताना पडता पडता वाचले. लिओना एकटी, फावडं घेऊन, अर्ध्यापर्यंत आली होती. वेंडेल खिडकीत वॉकर धरून उभा होता. मी हात केला, त्यानं केला नाही.

"दे इकडे ते फावडं," मी म्हटलं. "लिओना, ऐक तरी. मी बोलणार होते. देवाशपथ सांगते, माझ्या तोंडापर्यंत आलं होतं."

ती थांबलीसुद्धा नाही. फावडं भरलं, बर्फ बाजूला फेकलं, पुन्हा भरलं.

"इतिवृत्तात नाही ते, आर्लीन," ती म्हणाली.